चोपड्यात बसून जळगावच्या ऑफिसची फाइल: नोंदी का उडतात आणि काय करावं

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी जळगाव एमआयडीसीतल्या एका दालमिलच्या ऑफिसात हिशेब आणि डिस्पॅच बघते. बाळ लहान असल्यामुळे शेठनी आठवड्यातले चार दिवस चोपड्याहून घरून काम करायला परवानगी दिली आहे. आमचं मालाचं आवक-जावक रजिस्टर एक्सेलमध्ये आहे. त्यात मी, ऑफिसमधले दादा आणि गोडाऊनचे भाऊ असे तिघं नोंदी करतो. दादा सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल पाठवतात, मी दिवसभर नोंदी करून संध्याकाळी परत पाठवते. गेल्या महिन्यात दोनदा गाड्यांच्या नोंदी उडाल्या, कट्ट्यांचा (पोत्यांचा) मेळ बसेना. ऑफिसात असते तेव्हा शेअर फोल्डरमधली फाइल कोणीतरी उघडून ठेवलेली असते, मला 'लॉक्ड' दाखवते. एनीडेस्क (दुसरीकडचा कॉम्प्युटर दुरून चालवायचं अ‍ॅप) करून पाहिलं, पण मी काम करत असताना दादा तोच माऊस हलवतात, आणि लाइट गेली की सगळं बंद. गूगल ड्राइव्हवर फाइल टाकली तर पार्टींची मराठी नावं वेडीवाकडी दिसायला लागली. टॅलीपण (हिशेबाचं सॉफ्टवेअर) घरून करायची आहे. शेठ म्हणतात, डेटा बाहेर जायला नको आणि खर्चही फार नको. काय करावं?
– एक वाचक, चोपडा

उत्तर

ताई, नोंदी उडतात यात तुमची चूक नाही, गोडाऊनच्या भाऊंचीही नाही. तुमच्या पद्धतीत त्या उडणारच. एखादा दिवस डोळ्यासमोर आणा. सकाळी ९ वाजता दादा तुम्हाला फाइल पाठवतात. ११ वाजता भाऊ ऑफिसच्या फाइलमध्ये तीन गाड्यांची आवक लिहितात. तुमच्याकडे आहे ती ९ वाजताची प्रत, तिच्यात या तीन गाड्या नाहीत. तुम्ही दिवसभर जावक भरता आणि संध्याकाळी फाइल परत पाठवता. दादा ती डाउनलोड करून जुन्या फाइलच्या जागी टाकतात, विंडोज विचारतं 'रिप्लेस करू का', ते हो म्हणतात. त्या क्षणी भाऊंच्या तीन गाड्या गेल्या. कुठेही एरर येत नाही, कारण कॉम्प्युटरच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नाही. महिनाअखेरीला कट्टे मोजताना कळतं, तोवर कोणत्या दिवशी काय गेलं हे शोधणं हाताबाहेर गेलेलं असतं.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल फिरवणं आधी थांबवा. मूळ फाइल एकच असली पाहिजे आणि तिघांनीही तिच्यातच जाऊन लिहिलं पाहिजे. ती कुठे ठेवायची हे मात्र फाइलच्या प्रकारावर ठरतं. एक्सेलचं रजिस्टर ऑनलाइन न्यायचं. टॅली ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच ठेवायची आणि तुम्ही घरून तो कॉम्प्युटर चालवायचा. दोन्हींना एकच उपाय लावायला गेलात तर दोन्हीकडे त्रास होईल.

आधी रजिस्टर. तिघांपैकी एक जण गोडाऊनमध्ये मोबाइलवरून नोंद करणार आणि खर्च कमी हवा, म्हणून गूगल शीट्स घ्या. फाइल ज्या खात्यावर ठेवाल ते खातं फर्मच्या नावाचं नवीन काढा. तुमच्या किंवा दादांच्या खाजगी जीमेलवर ती ठेवू नका. फाइल ज्याच्या खात्यात, मालकी त्याची. उद्या तो माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याने खातं बंद केलं तर रजिस्टरही त्याच्याबरोबर जातं. फुकट खात्यात १५ जीबी जागा मिळते. रजिस्टरसाठी ती भरपूर झाली, फक्त बिलांचे फोटो त्याच खात्यात साठवत बसू नका.

फाइल चढवण्याआधी मराठी नावांचं निस्तरा, नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. तुमच्या पार्टींची नावं बहुधा श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहेत. या फॉन्टमध्ये सेलच्या आत प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. ब्राउझरमध्ये तो फॉन्ट नसतो, म्हणून खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. नावं युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून घ्यावी लागतील. नावांचा एक कॉलम कॉपी करून फॉन्ट कन्व्हर्टरमध्ये टाका, आलेलं युनिकोड नव्या कॉलममध्ये चिकटवा आणि दोन्ही कॉलम शेजारी ठेवून डोळ्याने तपासा. रफार, अर्धी अक्षरं आणि 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांत हमखास गडबड होते. शे-दोनशे पार्टी असतील तर एका दुपारचं काम आहे. यापुढे टायपिंग विंडोजच्या मराठी कीबोर्डवरूनच करा. आकडे मात्र इंग्रजीच ठेवा: मराठी अंकात ५० टाइप केलं तर बऱ्याचदा शीट त्याला आकडा न मानता मजकूर समजते, आणि मजकूर बेरजेत येत नाही.

आता फाइल ड्राइव्हवर चढवा. ती उघडल्यावर नावाशेजारी एक्सएलएसएक्स (.XLSX) असा छोटा शिक्का दिसेल. म्हणजे ती अजून एक्सेलची फाइल आहे. फाइल मेनूत 'सेव्ह अ‍ॅज गूगल शीट्स' म्हटलं की गूगल शीटची एक वेगळी फाइल तयार होते आणि शिक्क्याची फाइलही तिथेच राहते. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दोघं नवीन शीटमध्ये लिहितात, एक जण शिक्क्याच्या फाइलमध्ये, आणि पुन्हा दोन रजिस्टरं. रूपांतर झालं की शिक्क्याची फाइल 'बंद – वापरू नये' अशा नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि तो फोल्डर कोणाशीही शेअर करू नका. मग फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल (देश) 'इंडिया' करा. ते अमेरिका राहिलं तर ०५/०६ ही ५ जूनची तारीख शीट ६ मे धरते, आणि महिन्याचा हिशेब नकळत चुकतो.

तिघांनी एकाच यादीच्या तळाशी लिहिणं बंद करा. ऑनलाइन शीटमध्ये दोघांनी एकाच क्षणी तीच रिकामी ओळ धरली तर एकाची नोंद दुसऱ्याच्या खाली दबते. एकाच फाइलमध्ये तीन टॅब करा: आवक, जावक, शिल्लक. आवक भाऊंची. जावक तुमची, तुम्ही सुट्टीवर असाल त्या दिवशी दादांची. शिल्लक टॅबमध्ये कोणीच हाताने लिहायचं नाही, तिथे फक्त सूत्र. प्रत्येक मालासमोर सुरुवातीचे कट्टे, त्यात सम-इफ्सने (अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणाऱ्या सूत्राने) आलेली आवकेची बेरीज मिळवायची आणि जावकेची वजा करायची. तूरडाळीचे सुरुवातीला ४२० कट्टे, आवक १५०, जावक २३५, तर शिल्लक ३३५ आपोआप दिसली पाहिजे. आवक-जावकेचे कॉलम सारखेच ठेवा: तारीख, गाडी नंबर, पार्टी, माल, कट्टे, एका कट्ट्याचं वजन, एकूण क्विंटल, नोंद कोणी केली. वजनाचा कॉलम गाळू नका. ५० किलोचे आणि ३० किलोचे कट्टे एकाच रकान्यात मिसळले की कट्टे जुळतात पण क्विंटल जुळत नाहीत.

मालाचं नाव टाइप करू देऊ नका. कोणी 'तूरडाळ' लिहितं, कोणी 'तुरडाळ', कोणी 'तूर डाळ'. माणसाला तिन्ही सारखीच, सूत्राला तिन्ही वेगळी. ज्या नावाची नोंद जुळत नाही ती शिल्लकेतून गुपचूप गळते. डेटा मेनूत 'डेटा व्हॅलिडेशन' आहे. तिथे मालाची यादी देऊन ड्रॉपडाउन करा आणि यादीबाहेरचं काही टाकलं तर नाकारायला सांगा. पार्टीच्या नावालाही तेच करा.

त्याच डेटा मेनूत 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' आहे. शिल्लक टॅब फर्मच्या खात्याशिवाय सगळ्यांना बंद करा. आवक टॅब भाऊंना आणि तुम्हाला, जावक तुम्हाला आणि दादांना. हे कोणावर अविश्वास म्हणून नाही. मोबाइलवर चालता-चालता अंगठा चुकीच्या सेलवर पडतो आणि सूत्राच्या जागी एखादा आकडा बसतो, तो पुढे आठवडाभर कोणाच्या लक्षात येत नाही.

भाऊंना मोबाइलवर शीट भरणं जड जात असेल तर आवकेसाठी गूगल फॉर्म बनवा. गाडी नंबर, पार्टी, माल, कट्टे, वजन असे पाच-सहा प्रश्न. त्यांनी 'सबमिट' दाबलं की नोंद शीटमध्ये नवीन ओळीत, वेळेसकट येऊन पडते. कोणाच्या नोंदीवर कोणाची नोंद येण्याचा प्रश्नच राहत नाही. आमच्या मते गोडाऊनसाठी यापेक्षा सोपं काही नाही. फॉर्मची उत्तरं फॉर्मच्या स्वतःच्या टॅबमध्ये येतात, म्हणून शिल्लकेचं सूत्र त्या टॅबकडे वळवायला विसरू नका.

फिल्टरबद्दल दादांना आवर्जून सांगा. साधं फिल्टर लावलं की ते सगळ्यांच्या स्क्रीनवर लागतं. दादांनी एकाच पार्टीच्या ओळी काढल्या की तुमच्याकडेही बाकीच्या ओळी गायब दिसतात आणि 'नोंदी उडाल्या' म्हणून पुन्हा फोनाफोनी होते. डेटा मेनूतलं 'फिल्टर व्ह्यू' वापरा. ते ज्याने लावलं त्यालाच दिसतं.

आणि खरंच काही उडालं तर? ज्या सेलची शंका आहे त्यावर उजवं क्लिक करून 'शो एडिट हिस्टरी' बघा: कोणी, कधी, कशाचं काय केलं ते दिसतं. पूर्ण ओळच गेली असेल तर फाइल मेनूतून 'व्हर्जन हिस्टरी'. तिथे जुन्या तारखेची अवस्था उघडते. घाईने 'रिस्टोअर' मात्र दाबू नका, त्याने सगळी फाइल मागे जाते आणि मधल्या चांगल्या नोंदीही डोळ्याआड होतात. हरवलेली ओळ तेवढी जुन्या अवस्थेतून कॉपी करा आणि आजच्या शीटमध्ये चिकटवा.

तुमच्या शेठना एक्सेलच हवं असेल तर फाइल वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेवर) ठेवूनही तिघांना एकाच वेळी लिहिता येतं. अट एवढीच की फाइल एक्सएलएसएक्स प्रकारची हवी, जुन्या एक्सएलएसमध्ये हे चालत नाही. शिवाय तिघांनीही ती ब्राउझरमध्ये उघडायची किंवा तिघांकडेही मायक्रोसॉफ्ट ३६५ हवं. एकाने जरी एक्सेल २०१६सारख्या जुन्या प्रतीत ती उघडली तरी बाकी सगळ्यांना लॉक दाखवतं, त्यांच्याकडे नवीन एक्सेल असलं तरी. फाइलमध्ये मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असतील तर ते ब्राउझरमध्ये चालणार नाहीत, हेही आधी तपासा.

ऑफिसच्या शेअर फोल्डरमधल्या बाकीच्या फाइल लगेच हलवायची गरज नाही, पण तिथलं लॉक सोडवायचं कसं ते माहीत असावं. एक्सेल फाइल उघडली की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, पुढे ~$ ही चिन्हं लागलेली एक लपलेली छोटी फाइल तयार होते. फाइल नीट बंद केली की ती आपोआप जाते. लाइट गेली किंवा कॉम्प्युटर अडकून बंद पडला तर ती तशीच राहू शकते, आणि फाइल कोणी उघडलेली नसतानाही लॉक दिसतं. आधी ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे तिथे 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडून 'शेअर्ड फोल्डर्स'मध्ये 'ओपन फाइल्स' बघा. तिथे नाव दिसलं तर त्या माणसाला फाइल सेव्ह करून बंद करायला सांगा. तिथून परस्पर तोडलं तर त्याचं न सेव्ह केलेलं काम जातं. कोणाचंच नाव नसेल तर लपलेल्या फाइल दाखवायला लावून ती ~$ वाली छोटी फाइल डिलीट करा. मूळ फाइलला हात लावू नका.

आता टॅली. टॅलीचा डेटा फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या (नेटवरच्या प्रतीशी आपोआप जुळत राहणाऱ्या) फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. काही लोक हा 'जुगाड' सुचवतात, पण तो धोक्याचा आहे. टॅली एका व्यवहारासाठी अनेक फाइल एकत्र बदलते. सिंक त्यातली एक आधी चढवतं, एक नंतर, मध्येच नेट जातं, आणि दोन वेगवेगळ्या वेळच्या फाइल एकत्र येऊन कंपनीचा डेटा बिघडतो. टॅलीचा बॅकअप घेऊन ती बॅकअपची प्रत ड्राइव्हवर टाकायला काहीच हरकत नाही.

टॅली तुम्ही दुरूनच चालवायची, पण तुमच्यासाठी ऑफिसात वेगळा कॉम्प्युटर हवा. माऊसची ओढाताण दुसऱ्या कोणत्याच उपायाने थांबणार नाही. जुना सीपीयू असला तरी चालेल, त्यावर एसएसडी आणि ८ जीबी रॅम असली की पुरे. फक्त त्यावरची विंडोज अजून अपडेट मिळणारी असावी. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाले आहेत. त्या कॉम्प्युटरवर क्रोम रिमोट डेस्कटॉप बसवा, ते फुकट आहे आणि त्यासाठी राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही. पिन निदान सहा आकड्यांचा लागतो. फर्मचा फोन नंबर किंवा शेठच्या गाडीचा नंबर ठेवू नका. विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप जास्त सफाईदार चालतो, पण त्यासाठी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होममध्ये ती सोय नाही.

इथे एक कळकळीची सूचना. गावातला कोणी कॉम्प्युटरवाला म्हणाला की 'राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, मग घरून थेट शेअर फोल्डर दिसेल', तर स्पष्ट नाही म्हणा. पोर्ट म्हणजे नेटवरून आत यायचं दार. शेअर फोल्डर ४४५ क्रमांकाच्या पोर्टवर चालतं आणि रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर. हे दोन पोर्ट इंटरनेटला उघडे सापडतात का, हे शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. मे २०१७मध्ये जगभर पसरलेला वॉनाक्राय व्हायरस याच फोल्डर शेअरिंगमधल्या त्रुटीतून घुसत होता आणि सगळ्या फाइल कुलूपबंद करून पैसे मागत होता. शेअर फोल्डर किंवा विंडोजचा रिमोट डेस्कटॉप बाहेरून लागणारच असेल तर आधी व्हीपीएन (नेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खाजगी मार्ग), मग त्याच्या आतून बाकीचं.

लाइटचं. ऑफिसच्या त्या कॉम्प्युटरला आणि राउटरला, दोन्हींना यूपीएस हवा. फक्त कॉम्प्युटरला असून उपयोग नाही, राउटर बंद पडला की तुम्ही बाहेर. छोटा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण १०-१५ मिनिटं धरतो. तेवढ्यात टॅली बंद करून बाहेर या, पुढची एंट्री सुरू करू नका. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४४-४५ वर जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी फार लवकर दम सोडते, म्हणून तो ऑफिसच्या आत, सावलीत ठेवा. शिवाय कॉम्प्युटरच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' अशा किंवा जवळच्या नावाची सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन' करा. लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू होईल, दादांना फोन करून बटण दाबायला सांगावं लागणार नाही. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'स्लीप' कायम बंद ठेवा. तुमच्या घरच्या राउटरलाही १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर जुळवून घ्या. नेट अगदीच गेलं तर मोबाइल हॉटस्पॉटवर शीट आरामात चालते, तिला डेटा फार लागत नाही.

शेठची काळजी रास्त आहे. त्यांना एवढं दाखवा की आजच्या पद्धतीत रोजचं रजिस्टर तिघांच्या फोनमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या डाउनलोडमध्ये कायमचं साठत आहे आणि ते परत घेण्याचा कोणताही मार्ग नाही. नव्या पद्धतीत शेअरिंग 'रिस्ट्रिक्टेड'वर ठेवा आणि तिघांचे ईमेल एकेक करून जोडा. 'एनीवन विथ द लिंक' कधीही निवडू नका, ती लिंक पुढे गेली की कोणीही रजिस्टर उघडेल. शेठना स्वतः फक्त बघायचं असेल तर त्यांना 'व्ह्यूअर' करा. माणूस काम सोडून गेला की त्याच दिवशी त्याचं नाव यादीतून काढा. फर्मच्या खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा आणि ओटीपी शेठच्या नंबरवर ठेवा. गूगल १० बॅकअप कोड देतं, ते छापून तिजोरीत ठेवा. फोन हरवला तर तेच कामाला येतात.

दर शनिवारी संध्याकाळी शीट एक्सेलमध्ये डाउनलोड करून तारखेच्या नावाने एका पेन ड्राइव्हवर टाका, टॅलीचा बॅकअपही त्याच्यावरच, आणि पेन ड्राइव्ह काढून ठेवा. लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह व्हायरसच्या तावडीत तेवढाच सापडतो.

बदल एकाच दिवशी करा, महिनाभर जुनं-नवं समांतर चालवू नका. तसं केलंत तर पुन्हा दोन रजिस्टरं होतील. सुट्टीचा दिवस धरा. आदल्या संध्याकाळी भाऊंकडून गोडाऊनमधले कट्टे प्रत्यक्ष मोजून घ्या आणि तोच आकडा नव्या शीटमध्ये सुरुवातीची शिल्लक म्हणून घाला, जुन्या फाइलमधला नाही. जुन्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड ओन्ली'वर टिक करा, नावापुढे 'बंद' लिहा. नव्या शीटचा शॉर्टकट तिघांच्या फोनच्या आणि कॉम्प्युटरच्या पहिल्या स्क्रीनवर ठेवून द्या. पहिले आठ दिवस रोज संध्याकाळी एका मालाचे कट्टे भाऊंनी मोजायचे आणि तुम्ही शिल्लक टॅबशी ताडून बघायचे, रोज वेगळा माल. फरक आला तर त्याच दिवशीची एडिट हिस्टरी उघडा, तेव्हा बघायच्या ओळी मोजक्याच असतील.